सहा सायकली आणि एक हौदा

पिकअपच्या हौद्यातून, म्हणजे मागच्या उघड्या भागातून, एक सायकल न्यायची असेल तर त्यात लिहिण्यासारखं काही नाही. उचलायची, आडवी ठेवायची, निघायचं. दोन असतील तर मध्ये एखादी जुनी चादर टाकायची. तिसरीपासून मात्र डोकं खाजवायला लागतं. आणि सहापर्यंत पोचलात की कळतं, सायकल खाली पडेल की काय ही भीती अगदीच किरकोळ होती. खरी धास्ती असते ती तीन तासांच्या प्रवासात सायकली एकमेकींना खाऊन टाकतील याची.

आमचा माउंटन बाइक चालवणाऱ्यांचा एक छोटा कंपू आहे. डोंगरातल्या ज्या वाटांवर आम्ही जातो त्या घरापासून बऱ्याच लांब आहेत, त्यामुळे आधी गाडीने जायचं आणि मग सायकल चालवायची हे ठरलेलं. पूर्वी दोन-तीन गाड्यांच्या मागे रॅक लावून जायचो. मग आमच्यातल्या एकाने चार दरवाज्यांची पिकअप घेतली आणि सगळ्यांच्या नजरा त्या हौद्याकडे वळल्या. बसायला जागा पाच जणांना, सायकली सहा. सहावा गडी दुसऱ्या दिशेने परस्पर यायचा, पण त्याची सायकल मात्र आमच्या गळ्यात.

मी टेप घेऊन हौद्यात उतरले. लांबी साडेपाच फूट, म्हणजे १६८ सेंटिमीटर. रुंदी दीड मीटरच्या आसपास, पण चाकांवरचे उंचवटे दोन्ही बाजूंनी आत येतात तिथे सव्वा मीटरच उरते. आता सायकल बघा. २९ इंची चाकांच्या हल्लीच्या माउंटन बाइकच्या दोन आसांमधलं अंतरच १२० ते १२५ सेंटिमीटर असतं. त्यात पुढच्या चाकाचा पुढचा अर्धा आणि मागच्याचा मागचा अर्धा भाग मिळवला की टायरच्या टोकापासून टोकापर्यंत जवळपास दोन मीटर होतात. म्हणजे सरळ उभी केली तर फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, लागत नाही. हँडलची रुंदी ७६ ते ८० सेंटिमीटर. सहा हँडलं शेजारी शेजारी ठेवायची तर साडेचार मीटर हवेत, आणि आपल्याकडे दीड. प्रत्येक सायकलीच्या वाट्याला पंचवीस सेंटिमीटर, जेमतेम वीतभर जागा. वजनाची अडचण नव्हती. बहुतेक सायकली चौदा-पंधरा किलोच्या, सहा मिळून नव्वद-शंभर. एक धडधाकट माणूस मागे बसला असता तरी तेवढंच झालं असतं.

माउंटन बाइक आणि पिकअप यांची सोयरीक तशी जुनी आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत डोंगरउताराच्या ज्या शर्यती सुरू झाल्या, तिथली मंडळी आपल्या सायकली पिकअपमध्ये टाकूनच वर न्यायची. पण त्या सायकली म्हणजे जाड टायरची, लोखंडी सांगाड्याची जुनी धूडं. ना सस्पेन्शन, ना डिस्क ब्रेक, ना कार्बनची फ्रेम. त्यांचा ढीग रचला तरी बिघडण्यासारखं त्यांच्यात फारसं नव्हतंच. आजच्या सायकलीवर मात्र बोटभर पट्टी ठेवावी तिथे काहीतरी नाजूक, वाकणारं किंवा ओरखडे पडणारं सापडतं.

आडव्या एकीवर एक रचायची सूचना पहिल्यांदा आली, कारण ती नेहमीच पहिल्यांदा येते. डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, उजवीकडे असतो, म्हणून उजवी बाजू वर ठेवायची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण मग ब्रेकच्या चकत्या, ज्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना डाव्या बाजूलाच असतात, त्या खाली येतात. वरून दुसरी सायकल ठेवली की तिचं वजन पहिलीच्या डिरेलरवर. चकती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते. ती वाकली की चाक प्रत्येक फेऱ्याला ब्रेकला घासतं आणि सबंध उतारावर किर्र, किर्र ऐकत बसावं लागतं. रचण्याचा बेत तिथेच बारगळला.

मग आली लाकडी पाटाची पद्धत. जाड फळीवर चिमट्यासारखे आवळायचे क्लॅम्प बसवायचे, फळी हौद्याच्या पुढच्या भिंतीला लावून बांधायची, सायकलीचं पुढचं चाक काढायचं आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपायी भाग, त्या क्लॅम्पमध्ये आसाने घट्ट करायचा. पुढचं चाक गेलं की सायकलीची लांबी एकशे साठ-पासष्टवर येते, म्हणजे आमच्या हौद्यात ती नीट मावते. एक सायकल पुढे तोंड करून, दुसरी फाळक्यापाशी तशीच फळी ठेवून मागे तोंड करून लावली की हँडलंही एकमेकांत अडकत नाहीत. ही पद्धत मला अजूनही सगळ्यांत आवडते. सायकल फोर्कवर ताठ उभी राहते, फ्रेमला कशाचाही स्पर्श नाही, पट्टा फक्त मागच्या चाकाला. दोन किंवा तीन चांगल्या सायकली लांब न्यायच्या असतील तर मी दुसरं काही करणार नाही.

पण सहा सायकलींना ती जमेना. एक तर आमच्या सहा सायकलींमध्ये पुढच्या आसाचे तीन प्रकार निघाले. बहुतेकांचा १५ मिलिमीटर जाडीचा आणि ११० रुंदीचा, एकाचा १५ च पण १०० रुंदीचा, आणि एका जुन्या सायकलीला ९ मिलिमीटरचं, हाताने उघडायचं क्विक रिलीज. म्हणजे क्लॅम्प वेगवेगळे, नाहीतर मध्ये घालायच्या पुंगळ्या वेगवेगळ्या, आणि त्यातली एक पुंगळी कुणाच्या तरी घरी राहिलेली. दुसरं म्हणजे सुटी झालेली सहा चाकं ठेवायची कुठे? त्या चाकांना चकत्याही लागलेल्याच. आणि तिसरी गोष्ट तिथल्या तिथे घडली. चाक काढलेल्या सायकलीला हौद्यात उभं करताना कुणीतरी हँडल धरलं आणि धरता धरता ब्रेकचा खटका दाबला गेला. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चकती मध्ये नसताना खटका दाबला की दोन्ही पॅड एकमेकांना येऊन चिकटतात आणि आपणहून मागे जात नाहीत. मग प्लॅस्टिकचा टायर लिव्हर मध्ये घालून, पॅडला तेलकट हात न लावता, हळूहळू पिस्टन मागे ढकलत बसा. पुठ्ठ्याची चौपदरी घडी पॅडच्या फटीत खुपसून ठेवली की हा प्रकार टळतो. सायकलीबरोबर प्लॅस्टिकचा तुकडा येतो तो याचसाठी, आणि तो पहिल्या आठवड्यात हरवतो.

शेवटी फाळक्याच्या गादीवर सगळ्यांचं एकमत झालं. ही गादी म्हणजे ताडपत्रीसारख्या जाड कापडात भरलेला फोम. फाळक्यावर मधोमध दुमडून टाकायची, खालून पट्टे घेऊन आवळायची. फाळका बंदच राहतो. सायकल अर्धी आत, अर्धी बाहेर: मागचं चाक हौद्यात, खालची तिरकी नळी, म्हणजे डाउनट्यूब, गादीवर, आणि फोर्क व पुढचं चाक बाहेर लोंबतं. नळीभोवती गादीचाच एक पट्टा. ना चाक काढायचं, ना आसाची भानगड. मोठ्या पिकअपवर अशा पाच-सहा सायकली बसतात. विकतची गादी नसेल तर जाड फोम आणि जुनी सतरंजी घेऊन घरीही जमतं, फक्त ती घसरणार नाही अशी बांधता आली पाहिजे.

गादी टाकण्याआधी फाळका आतून-बाहेरून धुऊन कोरडा करावा लागतो. गादी आणि पत्र्याच्या मध्ये धूळ राहिली तर गादी थरथरत ती धूळ पत्र्यावर घासत राहते, आणि नंतर गादी काढल्यावर रंगावर धूसर पट्टा दिसतो. पिकअपच्या मालकाने तिथे आधीच पारदर्शक फिल्म चिकटवली होती. तो आपल्या सायकलीपेक्षा फाळक्याला जास्त जपतो, आणि ते बरोबरच आहे म्हणा, गाडीचे हप्ते तो भरतो.

पहिली सायकल चढवली, पट्टा लावला, छान. दुसरी, तिसरी. इथे मालकाचे काका येऊन उभे राहिले. काकांनी हयातभर घरसामान हलवायचं काम केलंय. कपाटं, आरसे, काचेची शोकेस असलं सगळं. मी वरून आणखी एक रॅचेटचा, म्हणजे दांडी ओढत आवळायचा, पट्टा टाकून तो कट् कट् करत आवळत होते.

“अगं, एवढं आवळून काय करणार? मोडायचंय का ते?”

“काका, रस्त्यात हलायला नको ना.”

“हलणारच. गाडी हलते म्हटल्यावर सामान हलणार. आम्ही एवढंच बघायचो की शेजारचं सामान एकदम हलतंय ना. एक हललं आणि दुसरं जागेवर राहिलं, की घासलं म्हणून समज.”

असं म्हणून त्यांनी मधल्या सायकलीचं सीट धरलं आणि गदागदा हलवलं. “बघ इकडे,” म्हणाले. सायकल पट्ट्यात घट्ट होती, पण तिचं मागचं टोक हौद्यात इकडून तिकडे सरकत होतं, आणि दर वेळी तिचं डावं पायडल शेजारच्या सायकलीच्या फ्रेमपासून नखभर अंतरावर येऊन परत जात होतं. सपाट पायडलवर बुटाची पकड बसावी म्हणून बारीक पोलादी खिळे असतात. शेजारची फ्रेम कार्बनची होती आणि तिची मालकीण तिथेच उभी होती. तिचा चेहरा मी वर्णन करत नाही.

त्यानंतर काम करण्याची सगळी रीतच बदलली. पट्टा किती घट्ट आहे हे बघायच्या ऐवजी आम्ही प्रत्येक सायकल हलवून ती कुठे कुठे टेकते ते शोधायला लागलो. एक जण हलवायचा, दुसरा हौद्यात उकिडवा बसून बघायचा, तिसरा रबर घेऊन तयार.

पायडलं हा सगळ्यांत वाईट शत्रू. दोन पायडलांच्या बाहेरच्या कडा मोजल्या तर अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, आणि आपल्या वाट्याला आहेत पंचवीस. म्हणजे पायडल शेजारणीच्या हद्दीत जाणारच. ते नेमकं कुठे जाईल हे तेवढं आपल्या हातात. एका सायकलीची क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, जमिनीला समांतर, पुढचीची उभी, असं आलटून पालटून ठेवलं की पायडल शेजारच्या फ्रेमवर न येता चाकापुढच्या रिकाम्या जागेत जातं. पण सायकलीची क्रँक उलटी मोकळी फिरते. पाच मिनिटं गाडी हादरली की ती स्वतःच्या वजनाने खाली येते आणि सगळी मांडणी फुकट. म्हणून क्रँक आणि मागच्या चाकाकडे जाणारी नळी एकत्र धरून त्यांच्याभोवती वेल्क्रोची पट्टी गुंडाळायची. पायडलं काढूनच टाकणारेही लोक आहेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवलं तर काम दोन मिनिटांचं आहे. पण पहाटे अंधारात ग्रीसने हात काळे करायला आमच्यात कुणी राजी नाही.

दुसरी जागा मला तोवर कधी सुचलीच नव्हती. गादीवर सगळ्या सायकलींची तोंडं एकाच दिशेला असतात, मागे. डिरेलर उजवीकडे, चकती डावीकडे. म्हणजे ओळीत प्रत्येक सायकलीचा डिरेलर थेट शेजारच्या सायकलीच्या मागच्या चकतीकडे रोखलेला. दोन्ही नाजूक, आणि दोन्ही हौद्याच्या तळाशी, जिथे वरून उभं राहिलेल्या माणसाला काही दिसत नाही. यावर एक सोपी युक्ती आहे. निघण्याआधी मागचा गिअर सगळ्यांत मोठ्या दातरीवर टाकायचा. त्याने डिरेलर आत, चाकाच्या बाजूला ओढला जातो. सगळ्यांत लहान दातरीवर असेल तर तो पार बाहेर आलेला असतो. शिवाय चकतीवर जाड फोमचा तुकडा बांधायचा. हा तुकडा स्वच्छ हवा. तेलाचा डाग असलेला कापडाचा बोळा चकतीला लावलात तर घासणं टळेल पण ब्रेक जाईल.

हँडलांचं त्यामानाने लवकर जमलं. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे खटका दाबून वर-खाली होणारी सीटची दांडी, असलेल्या सायकलींची सीटं पूर्ण खाली घेतली, आणि प्रत्येक हँडलचं टोक शेजारच्या वरच्या नळीच्या वरून जाईल अशा बेताने सायकली जरा पुढे-मागे सरकवल्या. ब्रेकचे खटके तेवढे बघावे लागतात, ते नळीवर टेकू देऊ नयेत. उंच माणसाची मोठी सायकल आणि बुटक्या माणसाची छोटी शेजारी शेजारी ठेवली तर हँडलं आपोआप वर-खाली होतात, भांडण मिटतं.

मागच्या चाकांना बांधायला जुन्या ट्यूब कामाला आल्या. पंक्चर झालेली ट्यूब कुणी फेकू नये. वॉल्व्हचा भाग कापून टाकला की चांगली लांबलचक, ताणली जाणारी, रंगाला न ओरबाडणारी दोरी मिळते. सहाही मागची चाकं एकमेकांना ट्यूबने जोडली आणि दोन्ही टोकं हौद्याच्या कड्यांना बांधली. काकांनी पुन्हा एका सायकलीचं सीट धरून हलवलं. सहाच्या सहा सायकली एकदम डोलल्या. “आता जा,” म्हणाले, आणि चहा घ्यायला आत गेले.

रॅचेटचे पट्टे मी काढून ठेवले. कपाटाला ते ठीक आहेत. कार्बनच्या पोकळ नळीवर रॅचेटची दोन कट् कट् जास्त झाली तर नळीला आतून तडा जाऊ शकतो आणि तो वरून दिसतही नाही. नुसत्या खटक्याचा पट्टा, जो हाताने जेवढा ओढाल तेवढाच घट्ट होतो, तो पुरे. हँडलवरून पट्टा टाकून फोर्क पूर्ण दाबून ठेवण्याची सवयही काहींना असते. मला ते तासन्‌तास चालवलेलं आवडत नाही, सीलवर उगाच भार. आणि काहीही बांधलं तरी पट्ट्याचं उरलेलं शेपूट गुंडाळून खोचायचं. ते सुटून गाडीच्या चाकात गेलं तर पुढे काय होईल याचा विचारही नको.

विजेवर चालणारी सायकल आमच्यात एक आहे. ती बावीस-तेवीस किलोची. मोठ्या पिकअपचा बंद फाळका छातीपर्यंत येतो, आणि तिथवर ती उचलून वरून आत घालणं हे एकट्याचं काम नाही. बॅटरी आधी काढायची, तीन-साडेतीन किलो तिथेच कमी होतात, आणि बॅटरी माणसांबरोबर गाडीच्या आत ठेवायची. तिची डाउनट्यूब आतल्या बॅटरीमुळे एवढी जाडी असते की गादीचा पट्टा कसाबसा पुरतो. ती आम्ही अगदी कडेला ठेवतो, म्हणजे एका बाजूने तरी तिला शेजार नको.

आता गंमत बघा, एवढं सगळं झाल्यावर कुणीतरी विचारलं, “पंप कुठाय?” पंप हौद्यात, तळाशी, सहा सायकलींच्या मागे. सायकली गादीवर बसल्या की फाळका उघडत नाही, आणि हौद्यातलं सामान प्रवास संपेपर्यंत तुमचं नसतं. तेव्हापासून पंप, पाण्याचे कॅन, हेल्मेटं, हत्यारं, सगळं पायाशी.

निघण्याआधी चालकाने ब्रेक आणि इंडिकेटर लावून दाखवायचे आणि बाकीच्यांनी मागे दहा पावलं जाऊन बघायचं. कडेच्या दोन सायकलींची पुढची चाकं मागच्या दिव्यांवर येतात. नंबरपाटीचंही तसंच. आम्ही पुढची सगळी चाकं एकाच बाजूला वळवली, एकमेकांना वेल्क्रोने बांधली, आणि कडेच्या सायकली चार बोटं आत घेतल्या. दिवे मोकळे झाले. रिव्हर्सचा कॅमेरा मात्र आंधळाच. त्याला टायर आणि आरे सोडून काही दिसत नाही. ही चाकं फाळक्याच्या मागे दीड-दोन फूट बाहेर असतात, आणि गाडी मागे घेताना भिंतीला पहिल्यांदा तीच लागणार. म्हणून गाडी मागे घेताना एक जण खाली उतरतोच.

रस्त्याला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पहिला थांबा, काहीही झालं तरी. नवा पट्टा थोडा ताणतो, गादीतला फोम दबतो, सायकली आपापल्या जागी बसतात. घरी घट्ट वाटलेला पट्टा तिथे बोटाने उचलला जातो. पुन्हा ओढून घ्यायचा. त्यानंतर तो सहसा टिकतो. आम्हाला शिवाय एक विचित्र घुमणारा आवाज यायला लागला होता, गाडीचा बेअरिंग गेल्यासारखा. चालकाचा चेहरा उतरला. तो आवाज सपाट ताणलेल्या पट्ट्याचा निघाला. वाऱ्यात पट्टा फडफडत घुमतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की गप्प.

खाण्यापिण्याला थांबलो तेव्हा गाडीपाशी एक जण थांबला. पट्टा चाकूने क्षणात कापता येतो, त्याला कुलूप समजू नये. आमच्याकडे एक लांब साखळी आहे, ती सगळ्या फ्रेममधून ओवून हौद्याच्या कड्याला कुलूप लावतो. पण साखळी गुंडाळलेली नसेल तर तीसुद्धा एक घासणारी वस्तूच होते. जुन्या ट्यूबच्या आतून ती ओवून घेतली आहे.

शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. चालत्या पिकअपच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि मागची धूळ उलटी फिरून हौद्यात येते. सगळ्यांत मागे लोंबणारी सहा पुढची चाकं आणि फोर्क त्या धुळीच्या ढगातच असतात. ती धूळ तेल लावलेल्या साखळ्यांवर बसते, फोर्कच्या चकचकीत दांड्यांवर बसते, आणि जिथे दोन वस्तू टेकलेल्या आहेत तिथे मध्ये शिरून पॉलिश पेपरचं काम करते. इथे वेग कमी करण्याशिवाय इलाज नाही. रोलरसारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर सगळं थडथड उडतं, आणि आरशात सहा सायकली एकसाथ नाचताना दिसतात. एकसाथ, हे महत्त्वाचं.

उतरवल्यावर मी प्रत्येक सायकलीभोवती फिरले. कार्बनच्या फ्रेमवर काही नाही. चकत्या सरळ. एका सायकलीच्या फोर्कच्या पायावर मात्र अंगठ्याच्या नखाएवढा डाग, रंग उडून खालचा धातू चकाकतोय. कुठलं पायडल, कुठला खटका, काही जुळेना. शेवटी सापडलं: शेजारचं टायर. रबर लागलं तर काय बिघडतं, असं समजून तिथे कुणी लक्षच दिलं नव्हतं. धुळीने माखलेलं टायर तासभर फोर्कवर घासत राहिलं आणि रंग खाऊन गेलं. आता फोर्कच्या पायांवरही ट्यूबचे तुकडे चढतात.

चढायला सुरुवात करण्याआधी आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने करतो. सायकल मागून बघायची. डिरेलर ज्या तुकड्याला लटकलेला असतो, तो हँगर, मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, म्हणजे धक्का लागला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. मागून बघताना डिरेलरची दोन छोटी चाकं आणि दातरी एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. नाही दिसली तर सायकल उचलून, हाताने पायडल फिरवत एकेक गिअर बदलून बघायचा. मोठ्या दातरीवर जाताना वाकलेला हँगर डिरेलरला थेट आऱ्यांत नेऊन घालू शकतो, आणि ते चढावर कळण्यापेक्षा गाडीपाशी कळलेलं बरं. एक जादा हँगर आणि ॲलन की पाकिटात असते.

परतीचं चढवणं हे वेगळंच प्रकरण. सगळे दमलेले, भुकेले, सायकली चिखलाने लडबडलेल्या. डाउनट्यूबच्या खालच्या अंगाला सगळ्यांत जास्त चिखल उडतो आणि नेमकी तीच नळी गादीवर टेकायची असते. चिखल तसाच ठेवून पट्टा आवळला तर सकाळी घेतलेली सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे पाण्याचा एक कॅन आणि एक मऊ ब्रश याचसाठी राखून ठेवतो. प्यायला पाणी संपलं तरी त्या कॅनला हात लावायचा नाही यावरून आमच्यात एकदा चांगलं वाजलेलं आहे. पूर्ण सायकल धुवायची गरज नसते. डाउनट्यूबचा वीतभर भाग, फोर्कचे पाय आणि पायडलं, एवढं धुतलं की पुरे. गादीवरही एक हात फिरवायचा.

चढवण्याचा क्रमही परतीला बदलतो. ज्याचं घर पहिल्यांदा येतं त्याची सायकल शेवटी आणि कडेला. हे एरवी कुणाला सांगावं लागणार नाही, पण अंधारात, हेडलाइटच्या उजेडात, जो पहिल्यांदा गाडीपाशी पोचतो तो आपलीच सायकल पहिल्यांदा चढवतो आणि मग रात्री उशिरा कुणाच्या तरी दारात चार सायकली उतरवून पुन्हा चढवायच्या. त्यावर उपाय म्हणून आता गादीवर खडूने आकडे लिहिलेले आहेत. सहाव्या गड्याची सायकल कायम मधोमध, कारण तो आमच्याबरोबर परतत नाही आणि ती दुसऱ्या दिवशी नेतो.

हल्ली कुणीतरी सातव्या सायकलीचा विषय काढतो. मधूनमधून पाहुणा येतो, त्याला नाही म्हणवत नाही. गादीवर सातवीला जागा नाही. मुलाची छोटी सायकल असली तर तीही तिथे चालत नाही, कारण तिची लांबी एवढी कमी की डाउनट्यूब फाळक्यावर टेकली तर मागचं चाक अधांतरी राहतं. मग सातवीची दोन्ही चाकं काढायची, पॅडमध्ये पुठ्ठा घालायचा, फ्रेम चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर निजवायची, आणि त्या सीटवरच्यांनी सहाव्या गड्याला फोन करायचा की आज वाट वाकडी करून आम्हाला घ्यायला ये.